आपली सही मिळाली, आभार

ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. बायकोला एवढंच माहीत आहे की लग्नाआधी, बेंगळुरूत नवा असताना, मी एका मराठी वाचनालयासाठी वेबसाइट केली होती आणि पुढे ते वाचनालय बंद झालं. दोन्ही खरं आहे. या दोन वाक्यांच्या मधलं वाक्य मी वीस-पंचवीस वर्षं गिळून बसलो आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून आलेलो, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात नोकरीला आणि राजाजीनगरात एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला. कंपनीची बस रोज मला शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची आणि परत आणून टाकायची. आल्यावर बोलायला कुणी नसायचं. मराठी मंडळाच्या हॉलमागे, जिना चढून, दोन खोल्यांत वाचनालय आहे असं घरमालकांनी सांगितलं, म्हणून एका संध्याकाळी गेलो. कपाटातलं एक पुस्तक काढलं आणि त्यावरची धूळ फुंकली.

"फुंकायला आलास की वाचायला?" मागून आवाज आला. "पुण्याचा का?"

"हो."

"वाटलंच. स्वल्प सरक, उजेड अडतोय."

त्या अक्का. सगळे त्यांना अक्काच म्हणत. साठी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली, उंच बाई; डाव्या गुडघ्यानं अधू. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी घरात, बाकी सगळा व्यवहार कन्नडात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्यासारख्या असत. वाचनालय त्या एकट्या चालवत. पगार नव्हता, मागितलाही नव्हता.

त्या वाचनालयात येणारे लोक कमी आणि तिथून बाहेर जाणारी पुस्तकं जास्त होती. निम्मे सभासद म्हातारे. त्यांच्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी अक्का दोन कापडी पिशव्या भरून बसनं निघत. घरी जाऊन जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं, रजिस्टरात सही घ्यायची, आणि आधीचं कसं वाटलं ते उभ्या उभ्या ऐकायचं. "उभ्या उभ्या" हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात प्रत्येक घरी अर्धा तास जाई.

मंडळाच्या कार्यकारिणीनं त्या दोन खोल्या कॉम्प्युटर क्लासला द्यायचं ठरवलं तेव्हा मला तिथे जायला लागून वर्ष झालं होतं. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. स्वतः वाचनालयात येऊन बाकावर बसून त्यानं अक्कांना सांगितलं.

"अक्का, मी सभेला काय सांगू? वाचनालयात बघावं तर तुम्ही आणि हा पुणेकर. लोक म्हणतात, दोन माणसांसाठी दोन खोल्या."

"माझे वाचक घरी आहेत. त्यांना जिना चढवत नाही."

"मग त्यांच्या सह्या आणा. वार्षिक सभेला दीड महिना आहे. शंभर सभासदांनी लिहून दिलं की आम्हाला वाचनालय हवं, तर विषय मी स्वतः मागे घेतो. माझा शब्द."

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोठ्या आखीव कागदावर रकाने पाडले. नाव, पत्ता, सही. पुस्तकांच्या पिशवीबरोबर तो कागद घरोघर जायला लागला. पहिल्या आठवड्यात तेवीस सह्या झाल्या. रजिस्टरात एकशे साठच्या आसपास नावं होती. शंभर अगदी सहज झाल्या असत्या. हे मी आज म्हणतो आहे असं नाही, तेव्हाही हिशेब समोर दिसत होता.

आणि इथे मी मध्ये पडलो.

त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या मशीनवर एक छंद करत असे. परदेशातल्या ग्रंथालय संघटनांच्या वेबसाइट बघायच्या. आमच्या विभागाला इंटरनेट नवंच मिळालं होतं. बाकीचे क्रिकेट बघत, मी हे. त्या संघटना वाचनालयं वाचवायला मोहिमा चालवत. एक पान उघडायचं, त्यावर आवाहन, खाली नाव लिहायची जागा, एक बटण. मला ते फार आवडलं होतं. मी वहीत त्यांना गुणही देत असे. कुठे दुवे तुटलेले, कुठे संस्थेचा पत्ताच नाही, कुठे फावड्यानं माती उपसणाऱ्या माणसाचं हलतं चित्र आणि "काम चालू आहे", ते खालच्या तारखेप्रमाणे दोन वर्षं चालूच. एका संघटनेनं मोठ्या अक्षरात "आजच सही करा" लिहिलं होतं आणि सही करायला जागाच ठेवली नव्हती. आपल्याच शहरातल्या एका छोट्या वाचनालय संघटनेच्या पानावर लाल अक्षरं डावीकडून उजवीकडे धावत होती आणि त्यांत होती मागच्या वर्षीच्या सभेची सूचना. हे मी वाचनालयात रंगवून सांगत असे. अक्का ऐकून घेत.

"सगळ्यांना नापास करतोस," त्या एकदा म्हणाल्या. "आपली तर परीक्षेलाही बसलेली नाही."

ते मला लागलं होतं. म्हणून सह्यांच्या दुसऱ्या आठवड्यात, बाकावर बसून त्या गुडघा दाबत होत्या तेव्हा मी म्हणालो, "अक्का, तुम्ही कशाला वणवण करता? मी साइट करतो. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगा नाहीतर सून ऑफिसातून सही करेल. दोन दिवसांत शंभर होतील. सेक्रेटरीला दाखवू, जग कुठे गेलंय."

त्यांच्या गुडघ्याची दया आली म्हणून मी हे बोललो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडी दया होती. जास्त करून मला ते पान करायचं होतं.

"आणि हा कागद?"

"ठेवून द्या."

त्यांनी तो घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

साइट मी चार दिवसांत केली. तेव्हा मराठी अक्षरं समोरच्याच्या मशीनवर दिसतील याची खात्री नसे; फॉन्ट नसला की सगळा गिचमिड कचरा दिसायचा. म्हणून अक्कांनी आवाहन हातानं लिहिलं आणि मी ते ऑफिसात स्कॅन करून चित्र म्हणून टाकलं. मुख्य रस्त्यावर एक सायबर कॅफे नवीन उघडला होता, तिथे त्यांना दाखवायला नेलं. चित्र जड होतं. एकेक ओळ वरून खाली उमटत होती. अक्का खुर्चीत पुढे सरकून बघत राहिल्या.

"माझं अक्षर जिना उतरतंय," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा हळू."

मग मी त्यांना सही कशी करायची ते दाखवलं. खाली नाव आणि पत्ता लिहायचा, बटण दाबायचं. बटण दाबलं की नवं पान येई: "आपली सही मिळाली, आभार." तेही त्यांच्याच अक्षरात. त्यांनी स्वतःचं नाव एका बोटानं टाइप केलं, बटण दाबलं आणि स्वतःच लिहिलेले आभार वाचले. खूश झाल्या. त्या मंगळवारपासून घरोघर त्या कागदाऐवजी चिठ्ठी द्यायला लागल्या, तिच्यावर साइटचा पत्ता.

पानाच्या तळाशी मी काउंटरही लावला, किती लोकांनी पान उघडलं ते मोजणारा. तो फुकट मिळायचा आणि कुठल्या आकड्यापासून सुरू करायचा हे आपल्या हातात असे. सगळेच वाढवून सुरू करत. रिकामं दुकान कुणाला आवडतं? मी एक हजारापासून सुरू केला. अक्का रोज विचारत, "आज किती?" आणि मी सांगितलेला आकडा त्या वाचनालयातल्या फळ्यावर खडूनं लिहीत, नव्या पुस्तकांच्या यादीशेजारी. एक हजार चाळीस. एक हजार नव्वद. त्या आकड्याचा आणि सह्यांचा संबंध नाही, हे मी त्यांना एकदा ओझरतं सांगितलं होतं. नीट बसवून सांगितलं नाही. फळा छान दिसत होता.

सभेला बारा दिवस उरले असताना एक म्हातारे सभासद काठी टेकत वाचनालयात आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता.

"मुलानं सही केली बरं का तिकडून. आभाराचं पानसुद्धा आलं. कितवा नंबर त्याचा?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सह्यांची मेल उघडली. खरं तर ती मी रोज उघडायला हवी होती. मी काउंटर बघत होतो, पान कसं दिसतं ते बघत होतो, एक पिवळा रंग बदलून निळा केला होता. मेल पहिल्या दिवसानंतर उघडलीच नव्हती. तीत अकरा सह्या होत्या. त्यांतल्या चार मीच चाचणीसाठी केलेल्या. अमेरिकेतला मुलगा नव्हता. अक्काही नव्हत्या.

संध्याकाळी बसमधून उतरून थेट सायबर कॅफेत गेलो. नाव लिहिलं, बटण दाबलं. आभार आले. मेल उघडली, काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा आभार, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा करताना मला कळलं. मी फॉर्म सगळ्यात सोप्या रीतीनं बांधला होता. बटण दाबलं की ज्या मशीनवर माणूस बसला आहे त्या मशीनच्या स्वतःच्या मेलमधून सही निघायची. माझ्या ऑफिसच्या मशीनवर मेल बसवलेली होती, म्हणून माझ्या चाचण्या पोचल्या. कॅफेतल्या मशीनवर ती नसायची. पुष्कळांच्या ऑफिसातही नसणार, किंवा मशीन काहीतरी विचारत असणार आणि लोक खिडकी बंद करत असणार. आणि आभाराचं पान सही पोचली का याची वाटच बघत नव्हतं. ते बटण दाबलं की येत होतं. तसं मीच लिहिलं होतं.

किती जणांनी सही केली असेल? पन्नास? सत्तर? मला माहीत नाही, कधीच कळणार नाही. त्या सगळ्यांना आभार मिळाले आणि ते निश्चिंत झाले.

फॉर्म मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त केला. पण ज्यांनी केली ते परत कशाला करतील? त्यांना सांगायला हवं होतं. म्हणजे आधी अक्कांना सांगायला हवं होतं. दहा दिवस होते. खणात कागद होता.

त्या संध्याकाळी मी वाचनालयात गेलो तो सांगायच्या तयारीनंच. अक्का फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या होत्या.

"आज किती?"

"एक हजार दोनशे दहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. मग खडूचा हात झटकत म्हणाल्या, "सेक्रेटरी येऊन गेला मघाशी. फळा बघून म्हणाला, अक्का, तुम्ही तर माझं तोंडच बंद केलंत. मी म्हटलं, माझं नाही, या पुणेकराचं काम. आता सह्यांची यादी छापून दे बाबा, मी सही करून सभेला देते."

"देतो," मी म्हणालो.

मी इथे थोडं थांबतो. पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी त्यांना म्हणालो की इंटरनेटवर लोक पूर्ण नाव-पत्ता घालत नाहीत, जुळवून घ्यायला तुमचं रजिस्टर लागेल. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. खोलीवर आणून मी यादी केली. मी खोटं करतो आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, निदान सुरुवातीला नाही. लोकांनी बटण दाबलंच होतं. यंत्रानं गिळलेली नावं मी परत करत होतो, इतकंच. फक्त कुणाची गिळली हे माहीत नव्हतं, म्हणून रजिस्टरातून घेत होतो.

पण मग मी चाळीस नावं गाळली. यादी खरी वाटावी म्हणून. जे लोक वर्षभरात कधीतरी मला वाचनालयात दिसले होते, जे सभेला येतील आणि "मी तर केली नाही सही" म्हणतील, ते गाळले. जे कधी दिसले नव्हते, जे घरात पडून असणार, ज्यांच्याकडे अक्काच जात, ते ठेवले. इतका विचार करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे माहीत असतं. माझ्या बाजूनं मला एवढंच सांगता येईल की अक्षराचा आकार मी जरा बारीक ठेवला आणि छपाई फिकी काढली. अक्कांना फिकं वाचायला त्रास होई. नाही, हेही माझ्या बाजूनं नाही.

एकशे अठरा नावं झाली. यादी आणि रजिस्टर मी अक्कांना नेऊन दिलं. अक्कांनी वरची चार-पाच वाचली, बोट फिरवत मोजली, आणि "आमच्या वाचकांच्या या सह्या" असं पत्र वर जोडून स्वतःची सही केली.

सभा रविवारी सकाळी होती. हॉलमध्ये तीसेक लोक असतील. सेक्रेटरीनं पत्र वाचलं आणि अक्कांकडे बघून हसून म्हणाला, "माझा शब्द मी पाळणार. फक्त नावं वाचून दाखवतो, म्हणजे नोंद होईल." आणि वाचायला लागला. लोक ऐकत होते, कुणी मान डोलावत होतं. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. साठ-बासष्ट नावं झाल्यावर तो एका नावावर थांबला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यानं ते नाव पुन्हा वाचलं.

"हे तर गेले ना?" मागून एक बाई म्हणाल्या. "संक्रांतीच्या आधी. मी गेले होते भेटायला."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "वरतीपण कनेक्शन पोचलं वाटतं."

सेक्रेटरी हसला नाही. त्याचा चेहरा उतरला, कारण त्यानं शब्द दिला होता. "अक्का," तो म्हणाला, "हे काय आहे?"

अक्का उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "ते नाव माझ्या रजिस्टरातून आलं असेल," त्या म्हणाल्या. "पत्ते जुळवायला मीच दिलं होतं. मी ते खोडलं नव्हतं. माझी एक पद्धत आहे. सभासद गेला तरी त्याच्याकडचं शेवटचं पुस्तक परत येईपर्यंत मी नाव खोडत नाही. त्यांच्याकडे एक पुस्तक आहे अजून."

ही पद्धत मला माहीत नव्हती. वर्षभर त्यांच्या शेजारी बसून मला ती माहीत नव्हती.

"एक नाव असं आलं तर बाकीच्यांचं काय समजायचं?" एक जण म्हणाला. "इथे कुणाकुणाची नावं आहेत यात? हात वर करा." हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणाचंच नव्हतं. तशीच यादी केली होती मी.

सेक्रेटरीनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही केलंत ना हे साइटचं? सह्या आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या," मी म्हणालो. "जुळवताना काही चूक झाली असेल."

"चूक माझी आहे," अक्का म्हणाल्या. "त्याचं काम चोख आहे. नाव मी खोडायला हवं होतं. माफ करा सगळ्यांनी." मग त्यांनी पिशवीतून घडी केलेला तो जुना कागद काढला. तेवीस सह्यांचा. त्यांनी तो बरोबर आणला होता, का ते मला माहीत नाही. "एवढ्या तरी खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

तेवीस पुरेशा नव्हत्या. खोल्या कॉम्प्युटर क्लासला गेल्या.

पुस्तकं पोत्यांत भरायला मी दोन दिवस होतो. एका सभासदाची होसकोट्याला कारखान्याची शेड होती, तिथे ती ठेवायची ठरली. टेम्पोत पोती चढवताना अक्का प्रत्येक पोत्यावर विषय लिहीत होत्या. फळा पुसायचा राहिला होता. त्यावरचा शेवटचा आकडा, एक हजार तीनशे काहीतरी, कॉम्प्युटर क्लासच्या माणसानं पुसला.

त्यानंतर मी अक्कांकडे महिन्यातून एकदा जात राहिलो. का जात होतो ते सांगता येत नाही. त्या कॉफी देत, माझ्या नोकरीचं विचारत. साइटबद्दल दोघंही बोलत नव्हतो. होसकोट्याला त्या दोनदा जाऊन आल्या, दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "शेडमध्ये यंत्रांचं तेल सांडतं. खालची पोती गेली." एवढंच.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी गेलो तर त्यांच्या हातात पत्र होतं. काठीवाल्या आजोबांच्या अमेरिकेतल्या मुलाचं. वाचनालय बंद झाल्याचं त्याला वडिलांकडून उशिरा कळलं होतं.

"हा लिहितो," अक्का म्हणाल्या, "की मी सही केली होती, माझ्या चार मित्रांनीही केली, सगळ्यांना आभाराचं पान आलं. मी ती तुझी यादी काढून बघितली. भिंग घेऊन सगळी बघितली. यातलं एकही नाव नाही." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "आणि यादी माझ्या रजिस्टरच्या क्रमानं आहे."

मी सांगितलं. सगळं. फॉर्म, अकरा सह्या, चाळीस गाळलेली नावं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. कॉफीवर साय धरली होती.

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुला कधी कळलं, सह्या येत नाहीत म्हणून?"

"सभेच्या दहा दिवस आधी."

"दहा दिवस." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटतं, घरं मोजत होत्या. "रोज दहा घरं. रिक्षा केली असती मी."

"अक्का, मी..."

"थांब. तुला एक माहीत नसेल ते सांगते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ते काका गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला म्हटलं, अक्का, पुस्तक अर्धं राहिलंय त्यांचं, मी पुढचं वाचते आहे, थोडं थोडं. त्यांचा चष्मा त्या पानात होता, खूण म्हणून. मी म्हटलं, हवं तेवढे दिवस ठेव. तीस वर्षांची मैत्रीण माझी. आणि त्या सभेनंतर मी सरळ तिच्या घरी गेले. सुनेसमोर तिला म्हटलं, तुझ्या एका पुस्तकापायी माझी लाज गेली. पुस्तक मागितलं. तिनं आतून आणलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. तिथेच रजिस्टर उघडून मी काकांचं नाव खोडलं, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

मी कॉफीवरची साय बोटानं बाजूला केली.

"ते पुस्तक खालच्या पोत्यात होतं," अक्का म्हणाल्या.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या, गॅस बंद करून परत आल्या, पण बसल्या नाहीत.

"मला सांगून काय करू मी त्याचं? तिला सांग. चार रस्ते सोडून घर आहे, आत्ता असेल ती. जा, सांग तिला की अक्का उगाच बोलली तुला. मग इकडे ये. मग मी जाते तिच्याकडे."

मी निघालो. घर मला सापडलं. बुटकं फाटक, आत तुळस, ओट्यावर खुर्चीत एक बाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो; मला फक्त नाव माहीत होतं, त्यांच्या नवऱ्याचं, बासष्टावं की त्रेसष्टावं. त्यांनी मान वर करून कन्नडात विचारलं, "कोण हवंय?"

"चुकलो," मी म्हणालो. "पुढचं घर."

परत अक्कांच्या दारात आलो तेव्हा त्यांनी साडी बदलली होती. बाहेर जायची साडी. पिशवीही हातात होती.

"भेटली?"

"घरी कुणी नव्हतं," मी म्हणालो.

अक्कांनी पिशवी खुंटीला अडकवली. "सरी," त्या म्हणाल्या. "मग उद्या जा. सकाळीच जा, असते ती."

दुसऱ्या दिवशी शनिवार. कारखान्याला सुट्टी होती, मला कुठेही जायचं नव्हतं. दिवसभर मी खोलीवर होतो. त्या घरी मी गेलो नाही, आणि जाऊन आलो का असं अक्कांनी विचारू नये म्हणून पुढे अक्कांकडेही गेलो नाही.